द्यायची राहिलेली ओ

कुसरवाडीचं शेवटचं घर मागे पडलं की दरीच्या तोंडाशी हा गुडघाभर उंचीचा कट्टा लागतो. बघा नीट. याच्यावर देव नाही, शेंदूर नाही, झेंडा नाही. मधल्या दगडावर दोन पावलांएवढे खळगे दिसतात ना, ते कुणी कोरलेले नाहीत. माणसं उभी राहून राहून पडलेत. समोर दरीपलीकडे तो काळा कडा. त्याच्या माथ्यावर सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आणि सड्याच्या काठाकाठाने कारवीचं रान. रोज दिवेलागणीला गावातलं एक माणूस या खळग्यांत पाय ठेवून उभं राहतं आणि कड्याकडे तोंड करून तीनदा ओ देतं. हाक मारत नाही, ओ देतं. तुम्ही विचाराल, मग हाक कुणी मारली? कुणीच नाही. म्हणजे आज कुणी मारलेली नाही.

तेवढा वेळ गाव गप्प असतं. मिक्सर बंद, टीव्ही बंद, नवराबायकोचं भांडण चाललं असलं तरी तेवढ्यापुरतं थांबतं. पहिली ओ दरी गिळते. दुसरीही गिळते. तिसरी मात्र कड्यावरून परत येते. मागे एक मास्तर शहरातून यंत्रं घेऊन आले होते. ते म्हणाले, संध्याकाळी वारा पडतो त्यामुळे असं होतं. असेल. आम्ही त्यांना चहा पाजला, वाद घातला नाही. पण वाऱ्याला ओ द्यायला आम्हाला काय वेड लागलंय?

तेव्हा जरा बसा. कडा कुठे पळून जात नाही. तुमच्या फोनातल्या नकाशात सड्यावरून वाट दिसते म्हणता ना, दिसत असेल. कोयाजीलाही दिसत होती.

हे कधीचं, ते सालात सांगता येणार नाही. आमच्याकडे जुनं काही मोजायचं तर कारवीच्या बहरावर मोजतात. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या पावसात एकदाच फुलते आणि मग अख्खं रान उभ्या उभ्या वाळून मरतं. खाली पडलेल्या बियांतून पुन्हा नवी उगवते. तर असे पंचवीसएक बहर मागे, असं सांगतात, या वाडीत कोयाजी नावाचा वाटाड्या होता.

तेव्हा घाटावरच्या माणसाला मीठ हवं तर कोकणात उतरावं लागे. सड्यावरून जायचं, कारवीच्या रानातून जायचं, मग नाळेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद चिरेतून, खाली कोकणात. बैल बरोबर असायचे, म्हणून जायला एक दिवस आणि यायला एक. कोयाजी पुढे चालायचा. गडी देखणा, पायाने हलका, आणि बोलायला म्हणाल तर तोंडाचा पट्टा थांबत नसे. मिशीला पीळ भरून सांगायचा, डोळे बांधून सोडा, नाळेच्या तोंडाशी जाऊन उभा राहीन. लोकही माना डोलवायचे. कारण तोवर तो एकदाही चुकला नव्हता.

पण खरी गोष्ट अशी की त्या रानात तेव्हा चुकायला जागाच नव्हती. कारवी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, दोन्ही अंगांनी भिंतीसारखी दाट. दरसाल दिवाळीनंतर गावचे गडी कोयत्याने तिच्यातून एक बोळ काढायचे आणि त्या बोळातून चालायचं. उजवीकडे वळायचं म्हटलं तरी वळता यायचं नाही. वाट कोयाजीला नेत होती आणि कोयाजीला वाटायचं आपणच वाटेला नेतोय. यात त्याचा तरी काय दोष? सात वर्षं कुणी वाखाणलं की कुणालाही तसंच वाटेल.

त्याला आईबाप नव्हते. मोठी बहीण होती, राणूआक्का. बाप गेला, पाठोपाठ आई गेली, तेव्हा कोयाजी दुधाच्या दातांचा होता. आक्काचं लग्न झालं होतं, पण वर्षाच्या आत नवरा वारला आणि ती पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आली. आल्या दिवशी तिने या पोराला कडेवर घेतलं ते तो मोठा होईपर्यंत खाली ठेवलं नाही, असं म्हातारी माणसं सांगत. हिरडा वेचायचा, शिकेकाई गोळा करायची, सरपण आणायचं, असं तिचं सगळं आयुष्य रानात. कोयाजीला एक वाट ठाऊक होती, तिला रान ठाऊक होतं. पण बाईमाणसाला वाटाड्या कोण म्हणणार?

आणि तिची हाळी! हाळी म्हणजे लांबून मारायची हाक. तिने इथून हाळी दिली तर पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वर करायची, म्हणे. इथे एक सांगायला हवं, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे हाळीचा एक रिवाज आहे, तेव्हाही होता. धुक्यात आणि कारवीत दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. म्हणून रानात कुणाला शोधायचं तर एका जागी उभं राहून तीन हाळ्या द्यायच्या, थांबायचं, ऐकायचं, आणि ओ आली नाही तर पुढच्या जागी जायचं. ज्याने ऐकली त्याने ओ द्यायचीच. वैरी असो, भाऊबंदकीतला असो, ओ चुकवायची नाही. त्यामुळे ओ आली नाही याचा अर्थ एकच, की इथे माणूस नाही. या एका भरवशावर रानात गेलेली सगळी माणसं घरी येत होती.

आता त्या सालचं ऐका. आदल्याच्या आदल्या पावसात कारवी फुलून गेली होती. वाळली, आणि पुढच्या पावसात कुजून आडवी झाली. त्यात दिवाळीपासून गुरांना लाळखुरकूत आलेली, बैलांचे पाय फुटलेले, म्हणून मिठाची खेप गेलीच नाही. कारवी पडल्यावर त्या रानात कोयाजीने पाऊलही टाकलं नव्हतं. चैत्र आला, जत्रा चार दिवसांवर आली, आणि गावातलं मीठ संपलं. देवीच्या प्रसादाला मीठ नाही म्हटल्यावर सगळे देवळात जमले.

सोनजी पाटील गावचे कारभारी. ते म्हणाले, तिघे जण जा, दोन दिवसांची भाकरी बांधा, पाण्याचे तुंबे घ्या, कोयता, चकमक घ्या, नेहमीसारखं. कोयाजी हसला. म्हणाला, "बैल नाहीत तर दोन दिवस कशाला? उद्या पहाटे एकटा निघतो, दिवे लागायच्या आत मिठाची गोणी इथे आणून टाकतो. मी लोकांना वाट दाखवतो, मला सोबत कसली?"

बायकांच्या बाजूने राणूआक्का उठली. ती चारचौघांत बोलणारी नव्हे, पण त्या दिवशी बोलली.

"कोयाजी, कारवी पडलीय रे. परवा हिरड्याला गेले होते तर मलाच रान ओळखू येईना. एकटा जाऊ नको. नाहीतर मला तरी संगं घे."

"तू येऊन काय करशील आक्का?" कोयाजी म्हणाला. "दमलो तर कडेवर घेशील?"

सगळं देऊळ हसलं. पाटील आधी हसले, मग बाकीचे. आक्काही हसल्यासारखं करून खाली बसली. पण तिचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला कोयाजीने पाहिला, असं तो पुढे स्वतःच सांगायचा. पाहिला, आणि तरीही त्याला आपल्या बोलण्याची मजा वाटली.

पहाटे आक्काने भाकरी बांधली, दुधी भोपळ्याचा वाळवलेला तुंबा पाण्याने भरला, कोयता काढून ठेवला. कोयाजीने भाकरी तिथेच उभ्याउभ्या खाल्ली, कोयता खुंटीला परत लावला. तुंबा तेवढा तिच्या समाधानासाठी घेतला. पण इथे, जिथे तुम्ही बसलात ना, इथे तेव्हा उंबर होता. इथवर आल्यावर त्याला ते ओझं वाटलं. दुपारी कोकणात पोचणार, तिथे विहिरी भरलेल्या. त्याने तुंबा उंबराच्या फांदीला अडकवला आणि रिकामी गोणी खांद्यावर टाकून, हातात नुसती काठी घेऊन निघाला.

दरीला वळसा घालून तो वर चढला आणि सडा तर त्याने गाणी म्हणत पार केला. उन्हं वर आली होती, गवत वाळून पिवळं पडलेलं, पायाखाली कातळ तापायला लागलेला. पुढे कारवीचं रान आलं आणि तो थबकला. रान होतंच कुठे? बोळ नाही, भिंती नाहीत. जिकडेतिकडे वाळक्या काठ्यांचा गुडघाभर थर पडलेला, मधूनमधून हिरवे कोंब, आणि चहूकडे मोकळं. जिथे बघावं तिथून वाट आहे असंच वाटावं. आयुष्यभर एका बोळातून चाललेल्या माणसापुढे शंभर वाटा उघडल्या.

कुणीही शहाणा माणूस तिथून मागे फिरला असता. कोयाजीच्याही मनात आलं. पण मागे फिरायचं म्हणजे भरदुपारी रिकामी गोणी घेऊन देवळासमोरून जायचं. तो म्हणाला, कोकण उताराला आहे, उतार धरला की झालं. आणि जिकडे पाय उतरेल तिकडे चालू लागला. पायाखाली काठ्या कडाकड मोडत होत्या. थोड्या वेळाने एक ओहोळ लागला, कोरडा. ओहोळ खालीच जाणार, म्हणून तो त्यात शिरला. झाडी दाटली. एका ठिकाणी दोन पुरुष उंचीचा कातळ उभा आला, तिथून तो पाठ टेकून खाली घसरला. घसरल्यावर वर बघितलं तेव्हा कळलं की याच्यावरून परत चढता येणार नाही. पण परत चढायचंय कुणाला, असं तो मोठ्याने म्हणाला. मोठ्याने कशाला म्हणाला? ऐकायला होतं कोण? पहिल्यांदा त्याला तिथे एकटं वाटलं.

दिवस कलला तेव्हा झाडी संपली आणि तो एका रुंद पदरावर आला. पदर म्हणजे कड्याच्या पोटाला असलेली सपाट जागा. खाली खोल दरी, आणि दरीपलीकडे दिवे लागत होते. कोयाजीला हायसं वाटलं. आलं कोकण! रात्र इथे काढू, सकाळी उतरायची जागा शोधू, मीठ घेऊ, दोन दिवस उशीर झाला तर झाला, काहीतरी सांगू. तो दिवे मोजत बसला. इतक्यात पलीकडच्या देवळात नगारा वाजला. त्या नगाऱ्याचं कातडं एका बाजूने फाटलेलं होतं, त्याचा आवाज अर्धा बद्द यायचा. लहानपणापासून ऐकलेला आवाज तो. कोयाजीने पुन्हा पहिल्यापासून दिवे मोजले.

ते कोकण नव्हतं. ही कुसरवाडी होती. दिवसभर चालून तो आपल्याच गावासमोर, त्या काळ्या कड्याच्या पोटाशी येऊन अडकला होता. शेवटून दुसरा दिवा त्याच्याच घरातला होता.

तेव्हाच त्याने हाळी दिली असती तर? आम्हीही लहानपणी आजोबांना हेच विचारायचो. दरी रुंद आहे, पण वाऱ्याच्या अंगाने आवाज पोचतो. त्याने तोंडाशी हात नेले सुद्धा. आणि मग त्याला ते देऊळभर हसू आठवलं. नाळेच्या तोंडाशी डोळे बांधून जाणारा वाटाड्या आपल्याच दारासमोर हरवला! वासराला दावं लावून वर ओढतात तसं आपल्याला ओढतील, आणि सगळं गाव कड्यावर उभं राहून बघेल. त्याने हात खाली घेतले.

इकडे गावात काय झालं होतं? दुपारी आक्का पाण्याला निघाली, तिने उंबराला लटकलेला तुंबा पाहिला. तुंबा काढून ती तशीच पाटलांकडे गेली. पाटील म्हणाले, अगं, तो कोकणात पोचला असेल. संध्याकाळी तो आला नाही तेव्हा मात्र त्यांनाही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चार गडी पाठवले.

चौघे सड्यावरून काठाशी आले. भर दुपार होती. कोयाजीने सकाळपासून पदर या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला होता. वर कातळ, खाली कडा, वाट कुठेच नाही. एका खळग्यातला ओला चिखल फडक्यात बांधून त्याने चोखला होता. तेवढ्यात डोक्यावरून हाळी आली, "कोयाजीऽऽ!"

त्याने श्वास रोखून धरला. होय, रोखून धरला. ओ चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून हात तोंडावर दाबला. तीन हाळ्या झाल्या. वरची माणसं थांबली, त्यांनी कान दिले, आणि पुढे गेली. नाळेच्या तोंडापर्यंत जाऊन तीनतीनदा ओरडून ती संध्याकाळी गावात परतली. म्हणाली, रानात कोयाजी नाही. असता तर ओ दिली असती. हाळी ऐकून गप्प बसणारा माणूस अजून आपल्या गावात जन्माला आलेला नाही. बहुतेक कोकणातच राहिला असेल, जत्रेला येईल मीठ घेऊन.

सगळ्यांना ते पटलं. एका आक्काला पटलं नाही. ती म्हणाली, तुंबा इथे ठेवून गेलेला माणूस पोचला कशावरून? पण जत्रेची कामं पडली होती आणि तिचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी उजाडताच ती तोच तुंबा ताजा भरून एकटीच निघाली. शेजारणीला सांगून गेली. शेजारणीनेही तिला अडवलं नाही. एकटं कुणी रानात जायचं नाही हा नियम गावाने आधी एका हसण्यापायी मोडला होता, दुसऱ्यांदा तो मोडताना कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कोयाजी तेव्हा एका झाडाच्या मुळाशी पडून होता. जीभ सुजलेली, ओठ फुटलेले. उन्हं वर चढत होती. आणि वरून हाळी आली.

"कोयाजीऽऽ! ओ दे रेऽऽ!"

आक्काचा आवाज. दुसरा कुणाचा असणार? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या सुकलेल्या अंगात ते कुठून आलं कोण जाणे. पण तोंड उघडलं नाही. कडेवर घेशील का, असं जिला चारचौघांत हिणवलं, तीच न्यायला आली होती. तिच्यापुढे कुठल्या तोंडाने ओ द्यायची?

दुसरी हाळी आली. आता त्याला ओ द्यायची होती, अगदी मनापासून द्यायची होती. तर दुसरीच लाज आडवी आली. आत्ता ओ दिली तर काल का नाही दिली, असं सगळे विचारतील. काल ऐकून गप्प बसलास? हाळी चुकवलीस? एक लाज झाकायला तो गप्प बसला होता, आता त्या गप्प बसण्याचीच लाज झाली. या विचारात तेवढा क्षण गेला.

तिसरी हाळी आली तेव्हा तो गुडघ्यांवर उभा राहिला, तोंडाशी हात नेले, आणि सगळा जीव गोळा करून ओ दिली.

आवाज फुटला नाही. घशातून नुसती हवा आली, वाळल्या पानासारखी. त्याने पुन्हा दिली, पुन्हा दिली. काठी उचलून झाडावर आपटायला लागला, पण हातांत जोर कुठला, सुतार पक्षी टोकरतो इतकाच तो आवाज. वर आक्का थांबली होती. तिने कान दिले असतील. सगळ्या गावात तिच्याइतके तिखट कान कुणाचे नव्हते. पण तीन हाळ्या झाल्या होत्या, ओ आली नव्हती, आणि ओ आली नाही म्हणजे माणूस नाही. रिवाजाप्रमाणे ती पुढे गेली.

मग त्याने तिला लांब लांब जाताना ऐकलं. पुढच्या जागी तीन हाळ्या. त्याच्या पुढच्या जागी तीन. प्रत्येक वेळी हा खाली तोंड उघडून ओ देत होता, आणि ती वर थांबून ऐकत होती, आणि त्याची ओ त्याच्या स्वतःच्या कानांपर्यंतही पोचत नव्हती. असं किती वेळा झालं ते त्याला सांगता येत नसे. शेवटी खूप लांबून, कड्याच्या धारेकडून, एक हाळी आली. मग दुसरी आली. तो तिसरीची वाट बघत राहिला.

तिसरी आली नाही.

ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, पलीकडे गावात नगारा वाजला, तरी तो वाट बघत राहिला.

चौथ्या दिवशी सगळं गाव निघालं, जत्रा बाजूला ठेवून. आता हाळी होती "राणूऽऽ" अशी. रात्रीच्या गारव्याने कोयाजीच्या घशात थोडी ओल आली होती. त्याने आवाज काढला, काठी आपटली, आणि एकाने ती ऐकली. वेलांचे आणि कासऱ्यांचे दोर करून त्याला वर काढलं, अगदी वासरासारखं. त्याला पाणी पाजलं. पाणी पोटात गेल्यावर त्याने पहिला शब्द काढला तो "आक्का". आणि मग काही लपवून न ठेवता सगळं सांगितलं. चौघा गड्यांची हाळी ऐकली होती, तोंडावर हात दाबला होता, आक्काच्या पहिल्या दोन हाळ्यांना गप्प बसलो होतो, सगळं. त्याने सांगितलं म्हणूनच आज आपल्याला ते ठाऊक आहे. नाहीतर त्या पदरावर त्याच्याशिवाय होतं कोण?

त्याने दाखवलेल्या दिशेने लोक धारेपर्यंत गेले. तिथे पडलेल्या कारवीच्या काठ्यांनी कड्याचा काठच झाकून गेला होता. जमीन कुठे संपते ते दिसत नव्हतं. काठापाशी काठ्या मोडलेल्या होत्या आणि एका खुंटाला तुंबा अडकलेला होता. पाटलांनी तो उतरवला. तुंबा गळ्यापर्यंत भरलेला होता, बूचही काढलेलं नव्हतं. चैत्राच्या उन्हात दिवसभर ओरडत फिरलेल्या बाईने त्यातला एक घोट घेतला नव्हता. राणूआक्का मात्र सापडली नाही. खालच्या दरीत आठ दिवस शोधलं, नाही सापडली.

पंच बसले तेव्हा कोयाजी म्हणाला, मला काय ती शिक्षा द्या. सोनजी पाटील म्हणाले, "आधी मी हसलो होतो." पंच तसेच उठून गेले.

तो तुंबा कोयाजीने कुणाला उघडू दिला नाही. इथल्या त्या उंबराखाली खड्डा करून त्यात तो पाण्यासकट ठेवला आणि वरून एकट्याने दगड रचले. तोच हा कट्टा. त्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तो याच्यावर उभा राहिला आणि कड्याकडे तोंड करून त्याने तीन वेळा ओ दिली. जी द्यायची राहिली होती ती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी आला. पावसात आला, धुक्यात आला, तापाने फणफणलेला असतानाही आला. त्याने लग्न केलं नाही, पुन्हा वाटाड्या झाला नाही. लोक बोलत तेवढं बोलायचा. प्रत्येक ओ झाली की थांबून ऐकायचा. ती थांबायची तसाच. त्यानंतर त्याच्या हयातीत कारवी पाच वेळा फुलली आणि पाच वेळा मेली. एकदाही, एकदाही त्याला पलीकडून काही ऐकू आलं नाही. तेव्हा कडा मुका होता, असंच सगळे सांगतात. पहिली ओ जायची, दुसरी जायची, तिसरीही जायची, आणि म्हातारा काठी टेकत घरी जायचा.

तो गेला त्या संध्याकाळी माणसं त्याला पोचवून परत येत होती. या कट्ट्यापाशी आली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि कट्टा रिकामा. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा रिकामा. सगळे थबकले. पाटील तोवर वारले होते, त्यांचा थोरला लेक होता. तो कुणाला न विचारता कट्ट्यावर चढला. म्हणाला, पहिल्यांदा आमचं घर हसलं होतं, पहिली पाळी आमची. त्याने ओ दिली. काही नाही. दुसरी दिली. काही नाही. तिसरी दिली.

आणि कड्यावरून ती परत आली. स्पष्ट, लांब, सगळ्यांनी ऐकली. खांदेकऱ्यांनी ऐकली, मागे राहिलेल्या बायकांनी घरात ऐकली. आक्काची तिसरी हाळी राहिली होती ना, ती आली, असं एक म्हातारी म्हणाली. कुणी म्हणालं, दोघांची गाठ पडली. काही असो. पण ज्याने ऐकायला जन्म घालवला त्याला तेवढी ऐकायला मिळाली नाही. एक दिवस आधी आली असती तर कड्याचं काय जाणार होतं? मला अजून त्या कड्याचा राग येतो, खरं सांगतो.

त्या दिवसापासून घरोघर पाळी लागली. जे जे घर त्या दिवशी देवळात हसलं होतं त्यावर पाळी, म्हणजे सगळ्याच घरांवर. आजही ती चुकत नाही. आजही रानातून परतणारा माणूस आपल्या पाण्यातला शेवटचा घोट राखून आणतो आणि या कट्ट्यावर ओततो. ज्याच्याकडे ओतायला घोटभरही उरलं नाही त्याला विचारतात, बाबा, एवढा कुठे चुकलास? आणि आजही आमच्याकडे चिडलेलं, रुसलेलं, तोंड लपवलेलं माणूससुद्धा हाक आली की ओ देतं. मग पुढचं भांडण.

उद्या सकाळी वर जाऊ. मी येतो, आणखी एकजण घेऊ, आणि मघाशी बॅगेत कोंबलेली ती अर्धी बाटली आधी भरून घ्या. आणि हो, पोरा, तुझा तो फोन मघापासून खिशात थरथरतोय. दोनदा दाबून बंद केलास, मी पाहिलं. घरी न सांगता आलायस, होय ना? घे तो. रागावतील, रागावू देत. आधी ओ दे त्यांना.

झालं बोलून? मग आता गप्प राहा सगळे. गावातले आवाज थांबले बघा. नगारा झाला. आज आमच्या घरची पाळी आहे. जरा हात द्या, चढायला गुडघे कुरकुरतात. पहिल्या दोनला काही येणार नाही, तेव्हा आपसांत कुजबुजू नका. तिसरीला कान द्या.